उभ्याने काम करण्याचे टेबल: आधी माप, मग खरेदी

उभ्याने काम करण्याचे टेबल, म्हणजेच आता सर्वांच्या तोंडी रुळलेले स्टँडिंग डेस्क, घ्यायला निघालेला माणूस बहुधा किंमत, मोटर आणि फळीचा रंग यांची चौकशी आधी करतो आणि उंचीचा विचार टेबल घरी आल्यावर करतो. हा क्रम उलटा केला तर पैसेही वाचतात आणि खांदेही. अशा टेबलाकडून दोनच अपेक्षा ठेवाव्यात. पहिली, त्याची फळी वापरणाऱ्याच्या कोपराच्या उंचीशी जुळली पाहिजे. आणि दुसरी, बसून काम करता करता उठणे व पुन्हा बसणे इतके सोपे असले पाहिजे की त्यासाठी मनाची वेगळी तयारी करावी लागू नये.

जाहिरातींतील फायद्यांकडे मात्र सावधपणे पाहावे. उभे राहिल्याने वजन उतरते ही समजूत बरीच पसरलेली आहे. परंतु ४६ अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणानुसार, बसण्याच्या तुलनेत उभे राहताना मिनिटाला सरासरी अवघ्या ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात. ६५ किलो वजनाची व्यक्ती रोज सहा तास बसण्याऐवजी उभी राहिली तरी हा हिशेब ५४ किलोकॅलरींवर थांबतो, म्हणजे एक पोळीसुद्धा पुरती जिरत नाही. हृदयाच्या बाबतीतही फारसे वेगळे चित्र नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील ८३ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये असे मांडले की अधिक वेळ उभे राहिल्याने हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका कमी झालेला दिसत नाही. उलट दिवसाकाठी दोन तासांपलीकडे उभे राहण्याचा वेळ जसजसा वाढतो, तसतसा पायांच्या शिरा फुगण्यासारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारींचा धोकाही वाढतो. वाहतूक पोलीस किंवा कापडाच्या दुकानातील विक्रेत्या यांना हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. आपल्याकडील १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ४४ हे उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसण्याची सोय मिळावी म्हणूनच घातलेले होते, आणि केरळने २०१८ मध्ये व तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी तशीच तरतूद कायद्यात केली. ज्या देशात बसायला मिळावे म्हणून कायदे करावे लागले, तिथे दिवसभर उभे राहण्यासाठी हजारो रुपये मोजणे थोडे विनोदीच ठरेल. या टेबलाचा खरा उपयोग अदलाबदलीत आहे: एकाच स्थितीत आखडलेली कंबर, मान आणि मांड्या दर थोड्या वेळाने मोकळ्या होणे, एवढाच, आणि तो काही थोडा नाही.

माप कसे घ्यावे

माप दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावे, कारण स्वतः टेप धरून खाली वाकले की कोपराची उंची बदलते. काम करताना पायात जे असणार आहे तेच घालावे. घरी अनवाणी राहणार असाल तर अनवाणी, आणि पायांखाली गादीदार मॅट असणार असेल तर तिच्यावर उभे राहूनच माप घ्यावे. सरळ पण सैल उभे राहून दंड अंगालगत सोडावेत, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून कीबोर्डची जाडी, म्हणजे साधारण दोन ते तीन सेंटीमीटर, वजा केली की फळीच्या वरच्या पृष्ठभागाची उंची हाती येते. कोपराची उंची शरीराच्या एकूण उंचीच्या साधारण ०.६३ पट असते असा ठोकताळा आहे. त्यानुसार १५० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे कोपर ९५ सेंटीमीटरच्या आसपास, १६५ च्या व्यक्तीचे १०४ च्या आसपास आणि १८० च्या व्यक्तीचे ११३ च्या आसपास येते. हा ठोकताळा फक्त टेप चुकीच्या जागी तर धरलेली नाही ना, हे पडताळण्यासाठी वापरावा.

बसण्याचे माप मात्र बहुतेक जण घेतच नाहीत, आणि पुढच्या तक्रारींचे मूळ अनेकदा तिथेच असते. खुर्चीची उंची अशी ठेवावी की दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील, आणि मग त्याच पद्धतीने कोपर वाकवून जमिनीपासून माप घ्यावे. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. या उंचीच्या व्यक्तीचे बसलेले कोपर जमिनीपासून सुमारे ६० ते ६३ सेंटीमीटरवर येते. बाजारातील नेहमीचे टेबल मात्र ७३ ते ७६ सेंटीमीटर उंच असते. त्यामुळे टंकलेखन करताना खांदे दिवसभर वर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान भरून आली की दोष बसण्याला दिला जातो. म्हणून उंची बदलणारे टेबल घेताना ते किती वर जाते यापेक्षा किती खाली येते हे आधी विचारावे. दोन टप्प्यांत सरकणारे पाय बहुधा ७० सेंटीमीटरच्या आसपास थांबतात, तर तीन टप्प्यांचे पाय ६० ते ६२ पर्यंत खाली येतात. वरची मर्यादा १२० सेंटीमीटर असली तरी बहुतेक घरांतील सर्वांत उंच व्यक्तीला ती पुरते. आणखी एक गोष्ट तपासावी: काही उत्पादक उंचीचा पल्ला फक्त सांगाड्याचा देतात, त्यात फळीची अडीच सेंटीमीटर जाडी धरलेली नसते.

पडद्याची उंची

उभे राहिलो की पडदा आपोआप डोळ्यांसमोर येतो अशी अनेकांची कल्पना असते. तसे होत नाही, कारण टेबल जितके वर येते तितकेच डोळेही वर गेलेले असतात. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे डोळे तिच्या कोपरापासून सुमारे ४९ सेंटीमीटर वर असतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, असा नियम आहे. सर्वसाधारण लॅपटॉपचा पडदा उघडल्यावर टेबलापासून जेमतेम २०-२२ सेंटीमीटर उंच होतो. म्हणजे लॅपटॉप आणखी २५ ते ३० सेंटीमीटर उचलावा लागेल, आणि उचलला की त्याचाच कीबोर्ड वापरता येणार नाही. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माऊस हा खर्च टेबलाच्या खर्चातच धरावा. तो टाळून नुसत्या लॅपटॉपसाठी उंच टेबल घेणाऱ्याला मान खाली घालून उभे राहण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. पडदा चेहऱ्यापासून हात लांब केल्यावर बोटे पोहोचतील एवढ्या अंतरावर ठेवावा. प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी तो आणखी काही सेंटीमीटर खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी सतत वर उचलली जाते. एक सोय मात्र आहे: कोपर आणि डोळे यांतील अंतर बसल्यावर फारसे बदलत नाही, म्हणून संपूर्ण फळी वर-खाली होणाऱ्या टेबलावर पडदा एकदा नीट लावला की दोन्ही स्थितींत चालतो.

खरेदीआधी आठवडाभर ओट्यावर

पैसे खर्च करण्याआधी घरात असलेल्या उंच पृष्ठभागावर आठवडाभर काम करून पाहावे. आपल्या घरांतला स्वयंपाकाचा ओटा बहुधा ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटीमीटर उंच असतो. कणीक मळताना किंवा भाजी चिरताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तो कोपराच्या बराच खाली असणे योग्यच आहे. टंकलेखनात जोर नसतो, त्यामुळे फळी जवळजवळ कोपरापर्यंत हवी. हा दहा-पंधरा सेंटीमीटरचा फरक पाट, जाड पुस्तके किंवा भक्कम खोका ठेवून भरून काढावा, पाणी आणि गॅस यांपासून लांबची बाजू निवडावी, आणि ओटा कधी मोकळा असतो हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारूनच वेळ ठरवावी. उंच कपाटाचा माथा किंवा पुस्तकांच्या मांडणीतला योग्य उंचीचा कप्पाही चालतो. कोणती कामे उभ्याने जमतात, पाय किती वेळात कुरकुरतात आणि मुळात उभे राहण्याची आठवण होते की नाही, हे या आठवड्यात कळते. सातव्या दिवशी तो खोका ओट्यावर नुसताच पडून असेल, तर मोटरचे टेबलही तसेच पडून राहण्याची शक्यता मोठी आहे.

कोणता प्रकार घ्यावा

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा कार्यालयातील टेबल बदलता न येणाऱ्यांना, असलेल्या टेबलावर ठेवून वर उचलता येणारा मंच सोयीचा पडतो. त्याचा दोष असा की त्याच्या तळाची जाडी बसण्याच्या वेळीही कीबोर्डला काही सेंटीमीटर उंच करते, आणि आधीच उंच असलेल्या टेबलावर ही भर कमी उंचीच्या व्यक्तीला सोसत नाही. काही मंच वर येताना पुढेही सरकतात. मागे किती जागा आहे ते पाहूनच घ्यावेत.

सुताराकडून कायमच्या उंचीचे टेबल करून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते उगाच दुर्लक्षिलेला मार्ग आहे. चार फूट बाय दोन फुटांची फळी एका व्यक्तीला पुरते. १९ मिलिमीटरचे प्लायवूड वापरल्यास खालून कडेला पट्ट्या मारून घ्याव्यात, म्हणजे मध्यभागी झोळ येत नाही. सनमायका फक्त वरून लावण्याची पद्धत आहे, परंतु खालच्या बाजूलाही पातळ थर लावला नाही तर फळी कालांतराने वाकते. पुढच्या कडेला गोलाई द्यायला सांगावे, कारण मनगटाच्या आतली बाजू दिवसभर तिच्यावर घासणार असते. सुताराचा हात सवयीने अडीच फुटांवर जातो, म्हणून तयार फळीच्या वरच्या पृष्ठभागाची उंची त्याच्याच भाषेत, इंच आणि सुतांत, कागदावर लिहून द्यावी. १०४ सेंटीमीटर म्हणजे जवळपास ४१ इंच. फळी भिंतीवर ब्रॅकेटने बसवायची असेल तर भिंत भरीव विटांची आहे की हलक्या पोकळसर ब्लॉकची, हे आधी पाहावे, कारण दोन्हींना लागणारे बोल्ट वेगळे असतात. अशा टेबलासोबत उंच स्टूल हवेच, अन्यथा अदलाबदल होणार नाही. स्टुलाची बैठक फळीपेक्षा साधारण २३ ते २५ सेंटीमीटर खाली असावी, पाय टेकायला आडवी कडी असावी आणि फळीखाली ड्रॉवर नसावा, म्हणजे मांड्या अडकत नाहीत. वास्तुरचनाकार वर्षानुवर्षे उंच ड्रॉइंग बोर्ड आणि उंच स्टूल याच जोडीवर काम करत असत.

विजेवर चालणारे टेबल घरातील दोन व्यक्ती आळीपाळीने वापरणार असतील तर खरोखर उपयोगी पडते. त्यात उंची लक्षात ठेवणारी बटणे असलीच पाहिजेत. प्रत्येक वेळी बटण दाबून धरून उंची शोधावी लागली तर महिन्याभरात टेबल एकाच जागी स्थिरावते. वेग साधारणपणे सेकंदाला २५ ते ३८ मिलिमीटर असतो, म्हणजे ६५ वरून १०५ सेंटीमीटरवर यायला फार तर पंधरा-सोळा सेकंद लागतात. एका मोटरचे टेबल हलक्या सामानाला पुरते. दोन पडदे, भिंगाचा दिवा किंवा जड लाकडी फळी असेल तर दोन मोटरींचे घ्यावे, आणि सांगितलेल्या वजनक्षमतेतून फळीचे वजनही वजा करावे. शक्य असल्यास दुकानात टेबल पूर्ण उंचीवर नेऊन कडेला तळहाताने हलका धक्का द्यावा आणि कीबोर्डवर नेहमीच्या जोराने बोटे चालवून पाहावीत. खालच्या स्थितीत प्रत्येक टेबल भक्कमच वाटते, डुगडुग वर गेल्यावरच कळते. फळी उतरताना खुर्चीच्या हाताला किंवा एखाद्या मुलाच्या डोक्याला लागली तर थांबून मागे जाण्याची सोय आणि बटणांना कुलूप, या दोन गोष्टी लहान मुले असलेल्या घरात अनिवार्य समजाव्यात. या मोटरी सलग फार वेळ चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. साधारण दोन मिनिटे चालल्यावर त्यांना बराच वेळ विश्रांती लागते, त्यामुळे मुलांनी लिफ्टचा खेळ मांडला की टेबल काही काळ रुसून बसते आणि नंतर पूर्ववत होते. हमी घेताना मोटर, नियंत्रक आणि सांगाडा यांची मुदत वेगवेगळी विचारावी, आणि दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येतो का हेही. कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी दाबलेल्या भुशाच्या फळीऐवजी चांगले प्लायवूड निवडावे. पावसाळ्यात ओल बहुधा वायरींसाठी पाडलेल्या भोकाच्या उघड्या कडेतून शिरते आणि फळी तिथूनच फुगते.

मांडणी आणि वायरी

टेबल वर जाताना वायर ओढली जाऊन पडदा कोसळणे टाळण्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवावा आणि सर्व उपकरणे त्यालाच जोडावीत. मग भिंतीकडे जाणारी वायर एकच उरते, आणि तिची लांबी टेबल सर्वांत वर असताना मोजावी. भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर अंतर सोडावे. खिडकीचा कट्टा, वरचे कपाट किंवा लटकता दिवा फळीच्या वाटेत येत नाही ना, आणि खाली ठेवलेला सीपीयू किंवा कागदपत्रांचा कप्पा फळी उतरताना चिरडला जात नाही ना, हे एकदा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहावे.

पायांखाली काय असावे

आपल्या घरांतील फरशी थंड आणि कडक असते आणि आपण घरात अनवाणी वावरतो. त्यामुळे टाच दुखण्याची तक्रार सर्वांत आधी येते. योगासनांची पाच-सहा मिलिमीटरची चटई याला पुरत नाही. १८ ते २० मिलिमीटर जाडीची, दाबल्यावर लगेच पूर्ववत होणारी मॅट घ्यावी, किंवा मऊ तळव्याची चप्पल फक्त घरात वापरण्यासाठी ठेवावी. जवळच दहा-पंधरा सेंटीमीटर उंचीचा पाट किंवा ठोकळा ठेवून आलटून पालटून एक पाऊल त्यावर टेकवावे. यामुळे कमरेचा खळगा सैलावतो. गुडघे ताठ आवळून धरू नयेत आणि एका कुल्ल्यावर भार टाकून तासभर झुकून राहू नये. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटवून तो सपाट ठेवावा, म्हणजे मनगट वर मुडपत नाही, आणि माऊस त्याच पातळीवर अगदी शेजारी असावा.

दिवसाची विभागणी

पहिल्या आठवड्यात एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक उभे राहू नये, जोर वाटत असला तरीही. कॉर्नेल विद्यापीठातील ॲलन हेज यांनी सुचवलेली विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे: अर्ध्या तासातली वीस मिनिटे बसणे, आठ मिनिटे उभे राहणे आणि दोन मिनिटे चालणे. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१५ मध्ये कार्यालयीन कामाच्या वेळेत उभे राहणे व हलकी हालचाल मिळून आधी दोन तास आणि हळूहळू चार तासांचे लक्ष्य ठेवावे असे सुचवले. सिडनीच्या संशोधकांचे २०२४ चे निष्कर्ष पाहता, या चार तासांत नुसते उभे राहण्यापेक्षा हालचालीचा वाटा मोठा ठेवणे शहाणपणाचे. गजर लावून उठण्यापेक्षा कामांनाच स्थिती जोडून टाकणे टिकते. फोन, बैठका, ईमेल वाचणे, छापील मजकूर तपासणे ही कामे उभ्याने चांगली होतात. आकडेमोड, रेखाटन आणि सलग लेखन बसूनच करावे, कारण बारीक कामात शरीर जितके स्थिर तितका हात स्थिर. जेवणानंतर मात्र उभे राहण्यावर समाधान मानू नये. रक्तातील साखरेच्या दृष्टीने उभे राहण्यापेक्षा काही मिनिटांची सावकाश शतपावली अधिक उपयोगी ठरते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे.

महिन्याभरानंतरही काही दुखत असेल तर दुखण्याच्या जागेवरून कारण शोधता येते. मान दुखत असेल तर पडदा खाली आहे. खांद्यांचा वरचा भाग भरून येत असेल तर फळी उंच आहे. मनगट दुखत असेल तर फळी उंच किंवा कीबोर्ड तिरका आहे. टाचा दुखत असतील तर मॅट पातळ आहे किंवा वेळ जास्त होतो आहे. आणि कंबर दुखत असेल तर बहुधा गुडघे आवळलेले आहेत. फळी एका वेळी एक सेंटीमीटरच हलवावी आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. ज्यांच्या पायांच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत, ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत, मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, तसेच गर्भवती स्त्रिया, यांनी डॉक्टरांना विचारूनच उभ्याने काम सुरू करावे. त्यांच्यासाठी तोच पैसा उंची बदलणाऱ्या चांगल्या खुर्चीवर आणि पायांखालच्या पाटावर खर्च करणे अनेकदा अधिक फायद्याचे असते.